आणंदच्या शाळेचा हिशेब



शेतीच्या पदवीचे निकाल लागले की दरवर्षी हा प्रश्न येतो. बैठक संपते, सतरंज्या गोळा होतात, आणि कोणीतरी बाजूला घेऊन विचारतो. पोरगी अकोल्याला शिकली, किंवा पोरगा परभणीला शिकला. बी.एस्सी. अ‍ॅग्री झाली. आता एम.बी.ए. करायचे म्हणतो. गुजरातेत आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची मोठी शाळा आहे, तिला 'इर्मा' म्हणतात. दोन वर्षांची फीच दहा लाखांच्या वर जाते. घालावे का?

मी स्वतः शेतीचा पदवीधर आहे, म्हणून लोक मला विचारतात. एकेकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो, म्हणजे बैठकीत त्यावर वादही घालता येईल.

माझे मत आधीच सांगतो. शाळा चांगली आहे. पण जमीन गहाण टाकून जावे इतकी चांगली कोणतीच शाळा नसते. आणि ती डिग्री आपल्या कामाची ठरेल की आपल्याला खत-औषध विकणाऱ्या कंपनीच्या कामाची ठरेल, हे आणंदला ठरत नाही. ते इथे, आपल्या जिल्ह्यात ठरते. आता हिशेब मांडतो.

शाळा कशातून निघाली

१९४६ साली खेडा जिल्ह्यातले दूध पोल्सन नावाची खासगी डेअरी घेत होती आणि मुंबईला पाठवत होती. भाव डेअरी ठरवणार, दूध शेतकऱ्याने घालायचे. तेव्हा सरदार पटेलांच्या सल्ल्याने तिथल्या शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध बंद ठेवले. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांचा स्वतःचा जिल्हा दूध संघ नोंदवला गेला. पुढे हाच संघ 'अमूल' नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचे पुढारी होते त्रिभुवनदास पटेल.

व्हर्गीस कुरियन आले १९४९ मध्ये. ते कशासाठी आले हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सरकारने त्यांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेत शिकवले होते. त्या बदल्यात सरकार सांगेल तिथे नोकरी करायची, असा करार होता. त्या करारापोटी त्यांना आणंदच्या सरकारी लोणी कारखान्यात धाडले. सरकारी नोकरी सुटल्यावर त्रिभुवनदासांनी त्यांना थांबवून घेतले आणि ते थांबले ते कायमचे. कुरियन इंजिनिअर होते. त्यांच्याकडे व्यवस्थापनाची पदवी नव्हती.

पुढे दूध संघ वाढले, 'ऑपरेशन फ्लड'मधून देशभर पसरले आणि मॅनेजर कमी पडू लागले. मोठ्या व्यवस्थापन शाळांतली पोरे शेतकऱ्यांच्या संस्थेत कमी पगारावर यायला तयार नव्हती. म्हणून १९७९ साली कुरियन यांनी आणंदला ही वेगळी शाळा काढली. आता २०२५ साली संसदेने त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा कायदा केला आणि इर्मा त्या विद्यापीठात गेली. विद्यापीठाला नाव त्याच त्रिभुवनदासांचे आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की सालांचा क्रम उलटा लावू नका. संघ १९४६ चा, शाळा १९७९ ची. मध्ये तेहतीस वर्षे गेली. अमूल त्या शाळेतून निघाले नाही, शाळा अमूलमधून निघाली. शेतकऱ्यांची संस्था आधी उभी राहिली, तिला माणसाची गरज पडली, मग माणूस घडवायची शाळा आली. आपण मात्र पोराला आधी शाळेत घालतो, आणि तो शिकून आला की विचारतो, आता तुला कुठे बसवायचे?

पॅकेजचा आकडा आणि पैसेवारी

व्यवस्थापनाच्या प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकावर एक आकडा मोठ्या अक्षरात असतो. 'सरासरी पॅकेज इतके लाख.' बापाची नजर तिथेच अडकते.

सरासरी काय चीज असते ते कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. गावची पैसेवारी काढताना धरणाखालचा एखादा प्लॉट सापडला की सगळ्या गावाची पैसेवारी पन्नासच्या वर जाते आणि ज्याचे पीक वाळले तोही कागदावर सुखी होतो. पॅकेजचेही तसेच आहे. समजा दहा पोरे आहेत. नऊ जणांना वर्षाला आठ लाख मिळाले आणि एकाला चाळीस लाख. सरासरी निघते अकरा लाख वीस हजार. तेवढा पगार दहातल्या एकालाही मिळालेला नसतो.

म्हणून सरासरी विचारू नका. सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीने उभे केले तर मधल्याला किती मिळाले, ते विचारा. शेवटच्या पाच जणांना किती मिळाले, तेही विचारा. पॅकेज म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे, हेही ध्यानात ठेवा. त्यात कंपनी भरते तो भविष्य निर्वाह निधी असतो, विमा असतो, काम पुरे झाले तरच मिळणारा बोनस असतो. महिन्याला खात्यात काय जमा होते, एवढेच धरा.

आणखी एक प्रश्न विचारा. मागच्या वर्षीच्या मुलांना नोकरी कोणी दिली? आणंदला अमूलसारख्या शेतकऱ्यांच्या संस्था येतात, खेड्यांत काम करणाऱ्या सेवाभावी संस्था येतात, तशाच बँका येतात आणि शहरात माल विकणाऱ्या कंपन्याही येतात. यात वाईट काही नाही. पण पोराला कुठे जायचे आहे, आणि त्याच जागेवरचा पगार किती आहे, हे जोडून पाहा. शेतकऱ्यांच्या संस्थेत काम करायची इच्छा सांगायची आणि हिशेबात बँकेचा पगार धरायचा, असे करू नका.

कर्जाचा हिशेब

आता आपल्या बाजूचा आकडा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. दहा लाख रुपये म्हणजे या भावाने १२३ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी साडेचार क्विंटल धरले तर पाच एकरवाल्याचे साडेपाच वर्षांचे सगळे उत्पन्न. त्यात बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी वजा केलेली नाही.

घरात इतका पैसा नसतो, म्हणून कर्ज काढावे लागते. दहा लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले, व्याज दहा टक्के धरले. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. पण हप्ता थांबला म्हणून व्याज थांबत नाही. पहिल्या वर्षी पाच लाख आणि दुसऱ्या वर्षी पाच लाख उचलले, तर हप्ता सुरू होईपर्यंत सुमारे अडीच लाख व्याज चढते. कर्ज साडेबारा लाख होते. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साधारण १६,५०० रुपये.

आता यातली वाट पाहा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी या सवलतीच्या काळातले सगळे व्याज केंद्र सरकार भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, आठ लाखांच्या आतल्या कुटुंबाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाला असेल तर त्या योजनेत तारण आणि जामीनदार मागता येत नाही. संस्था त्या वर्षीच्या यादीत आहे का, हे बँकेत जाण्याआधी पाहून घ्या.

पूर्ण व्याजाची सवलत मिळाली तर कर्ज दहा लाखच राहते आणि हप्ता येतो सुमारे १३,२०० रुपये. महिन्याला ३,३०० वाचले. दहा वर्षांचे जवळपास चार लाख. म्हणजे तहसीलमधून वेळेत काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्याची किंमत चार लाख रुपये आहे. आपण त्यासाठी दोन चकरा मारायचा कंटाळा करतो आणि मग सातबारा घेऊन बँकेत जातो.

सातबाऱ्यावर बोजा चढवून शाळेत घालू नका. पीककर्जाचा बोजा आधीच आहे. एक साल बोंडअळीने खाल्ले आणि त्याच साली पोराची नोकरी लांबली, तर दोन्ही वसुल्या एकाच दारात येतील. शैक्षणिक कर्ज पोराच्या नोकरीवर उभे राहिले पाहिजे. ते बापाच्या जमिनीवर उभे करायला बँक सांगत असेल तर दुसरी बँक पाहा, नाहीतर एक वर्ष थांबा.

मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी माफ आहे, मात्र प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. राज्याबाहेरच्या शाळेला ही माफी लागू नाही. आणंदची तुलना करायची तर राज्यातल्या अशा एम.बी.ए.शी करा. पुण्याची वैकुंठ मेहता सहकार संस्था, हैदराबादची 'मॅनेज', यांनाही हेच प्रश्न विचारा.

कापूस म्हणजे दूध नव्हे

समजा पैशाची सोय झाली. तिथे शिकवतात काय? हिशेब, वित्त, विक्री, माणसे सांभाळणे, संस्थेचे कायदे हे वर्गात. आणि काही आठवडे खेड्यात राहून काम. ही खेड्यातली तालीम मला त्या शाळेची सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. शेतकऱ्याच्या पोराला खेडे ठाऊक असते, पण ते आपले खेडे. दुसऱ्याच्या खेड्यात परका म्हणून राहिल्यावर आपल्या गावाकडेही नव्या नजरेने पाहता येते.

पण एक सावधगिरी. आणंदचा पाया दुधाचा आहे. दूध रोज दोन वेळा निघते, पैसा ठरलेल्या दिवशी घरात येतो, त्या संस्थेकडे बाईमाणसाचे लक्ष रोज राहते. कापूस वर्षातून एकदा निघतो. वेचणी झाली की देणेकरी दारात उभा असतो, म्हणून माल थांबवता येत नाही. दुधाचा भाव गावच्या काट्यावर फॅटवर ठरतो. कापसाचा भाव ठरतो जगाच्या बाजारात आणि दिल्लीच्या कागदावर. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क काढले, पुढे ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. नवा कापूस बाजारात यायची वेळ नेमकी तीच. अशा कागदापुढे आणंदचा मॅनेजरही काही करू शकत नाही. ते काम संघटनेचे आहे, रस्त्यावरचे आहे.

मग मॅनेजर कशाला? जे आपल्या हातात आहे त्यासाठी. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकीची सरकी. रुईची खंडी ३५६ किलोची, म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. आज रुईचा भाव काय, सरकीचा काय, जिनिंगचा खर्च किती, माझ्या मालाचा उतारा चौतीसचा की छत्तीसचा, आणि मग कापूस विकावा की जिनिंग करून रुई विकावी, हा हिशेब रोज मांडणारा माणूस आपल्याकडे नाही. व्यापाऱ्याकडे तो आहे, म्हणून व्यापारी जिंकतो. ज्वारीचेही तसेच. २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जगभर साजरे झाले. शहरात ज्वारीचे पीठ, पोहे, बिस्किटे पाकिटात आली. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये, म्हणजे किलोला सदतीस. पाकीट काय भावाने जाते ते शहरात राहणाऱ्या नातेवाइकाला विचारा. या मधल्या अंतरात काम करायला शिकलेला माणूस लागतो.

आपल्याकडे मोठी व्यवस्था नव्हती असे नाही. राज्याची कापूस एकाधिकार खरेदी १९७२ पासून सुमारे तीस वर्षे चालली. पणन महासंघ होता, केंद्रे होती, ग्रेडर होते, अधिकारी होते. पण भाव मंत्रालयात ठरायचा आणि अधिकारी सरकारला जबाबदार होते. शेवटी तोट्याचा डोंगर उरला. खेड्यातल्या दूध संघात पुढारी शेतकरी, मालक दूध घालणारा आणि मॅनेजर त्यांचा पगारी नोकर होता. मालकी कोणाची, यावर मॅनेजर कोणाचे भले करणार ते ठरते.

म्हणून काही मित्र म्हणतात, 'असल्या शाळा कंपन्यांचे एजंट बनवतात', ते मला अर्धेच पटते. जो पगार देतो त्याचे काम माणूस करतो. कंपनी पगार देते आणि आपण देत नाही, तर पोर कंपनीचेच काम करणार. त्याला गद्दार म्हणून आपली जबाबदारी सुटत नाही.

आपण त्याला काय देणार?

२००२ च्या कायद्याने शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. २०२० मध्ये केंद्राने दहा हजार कंपन्यांची योजना आणली. त्या योजनेत कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यासाठी महिना जास्तीत जास्त २५,००० रुपये धरले आहेत, तेही पहिली तीन वर्षे. आता वरचा हप्ता यातून वजा करा. १६,५०० गेले, उरले ८,५००. एवढ्यात आज सालगडीसुद्धा राहत नाही. आणंदहून शिकून आलेला पोर आपल्याकडे का येत नाही, याचे उत्तर या वजाबाकीत आहे.

पण पुढचाही हिशेब करून पाहा. एका तालुक्यातल्या तीन कंपन्या एकत्र आल्या. दीड हजार सभासद झाले. प्रत्येकाने दहा क्विंटल कापूस कंपनीतून विकला तर पंधरा हजार क्विंटल. क्विंटलमागे साठ रुपये बाजूला काढले तर वर्षाचे नऊ लाख. महिन्याला पंचाहत्तर हजार. साठ रुपये म्हणजे क्विंटलमागे पाऊण किलो कापूस. काट्यावरच्या कट्टीत आणि ओलाव्याच्या नावाखाली एवढा कापूस कधी जातो ते आपल्याला कळतही नाही. तोच कापूस आपल्या मॅनेजरला दिला तर तो कट्टी आणि ओलावा दोन्हींवर नजर ठेवील.

या पैशातून पगार द्या आणि त्याशिवाय एक अट घाला. जोवर पोर इथे काम करते, तोवर शैक्षणिक कर्जाचा हप्ता कंपनी भरेल. सोडून गेले की हप्ता त्याचा. कुरियन आणंदला आले तेही अशाच करारापोटी. तो करार सरकारने केला होता, हा आपण करू.

कोणी जावे, कोणी थांबावे

पदवी झाल्या झाल्या जाऊ नये, असे माझे मत आहे. दोन वर्षे उत्पादक कंपनीत, बचत गटाच्या संघात, जिनिंगमध्ये किंवा बँकेच्या शेती विभागात काम करावे. रोजकीर्द लिहावी, सभा घ्यावी, उधारी वसूल करावी. ज्याने हे केले आहे त्याला आणंदच्या वर्गात काय विचारायचे ते कळते. मुलाखतीतही त्याचाच उपयोग होतो, आणि हे काम आवडत नाही हे कळायचे असेल तर दहा लाखांच्या आधी कळते.

स्पर्धा परीक्षेत यश आले नाही, गावात तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून दोन वर्षे कुठेतरी काढायची, असा विचार असेल तर जाऊ नये. लग्नाच्या बाजारात पोराचा भाव वाढेल म्हणून बापानेही पाठवू नये. आणि इंग्रजी कच्ची म्हणून कोणी मागे हटू नये. प्रवेश परीक्षा इंग्रजीत आहे हे खरे, पण ती अभ्यासाने जमते. ज्याला क्विंटलवरून खंडीचा हिशेब तोंडी येतो त्याचे गणित शहरातल्या पोरापेक्षा कमी नसते.

जिल्हा बैठकीपुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, जिल्ह्यातली शेतीची पदवी घेतलेली पोरे-पोरी किती, आणि त्यांतली आपल्या संस्थांत दोन वर्षे काम करायला तयार किती, याची यादी तालुकावार करावी. दुसरी, ज्या तीन-चार उत्पादक कंपन्या तयार असतील त्यांनी क्विंटलमागे साठ रुपयांचा ठराव येत्या वार्षिक सभेत घ्यावा. तिसरी, त्या यादीतून एक मुलगी आणि एक मुलगा निवडावा, त्यांच्या प्रवेशाची, दाखल्यांची आणि कर्जाची कागदपत्रे संघटनेच्या कार्यकर्त्यांनी उभी करावीत, आणि परतल्यावर हप्ता भरण्याचा करार लेखी करावा.

ठराव झाला, तर मला बाजूला घेऊन प्रश्न विचारणाऱ्यांना मी छातीठोकपणे सांगेन, पाठवा. ठराव झाला नाही तर पोराला पाठवायला माझी ना नाही. फक्त तो आपल्यासाठी शिकायला चालला आहे, असे कोणी समजू नये.